सातचा आकडा, पाचचा लॉफ्ट

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गोल्फच्या नव्या आयर्नवर, म्हणजे नंबर कोरलेल्या पोलादी डोक्याच्या क्लबवर (काठीवर), लेख आला. मराठी वर्तमानपत्रात क्लबच्या घडणीबद्दल चार ओळी वाचायला मिळणे तसे विरळाच, त्यामुळे लेखाचे स्वागत आहे. पण 'नव्या तंत्रज्ञानामुळे सात नंबरच्या आयर्नने पंधरा-वीस यार्ड जास्त मिळतात' हे त्यातले वाक्य अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे न सांगितल्यामुळे लाखभर रुपये मोजून संच घ्यायला निघालेला माणूस भलताच संच घरी आणू शकतो, आणि रत्नागिरी-कणकवलीच्या माणसाला तो बदलायचा तर पुन्हा मुंबई गाठावी लागते. म्हणून हे पत्र जरा लांबले आहे.

क्लबच्या सोलवर (तळावर) कोरलेला आकडा हे माप नव्हे, इथून सुरुवात करू. गोल्फचे नियम बारीकसारीक गोष्टींत शिरतात. पिशवीत जास्तीत जास्त चौदा क्लब हवेत (अमेरिकेत १९३८ पासून, ब्रिटनमध्ये १९३९ पासून), फेसची, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूची, स्प्रिंगसारखी उसळी ठरावीक मर्यादेत हवी, २०१० पासून तर फेसवरच्या खाचांच्या कडा किती धारदार असाव्यात हेही ठरलेले आहे. पण सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट अमुक अंश असलाच पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही. पूर्वी या क्लबांना मॅशी, निब्लिक अशी नावे होती. जुळणारे संच विकायला लागल्यावर आकडे आले, आणि ते कोरणारा कारखानाच त्यांचा अर्थ ठरवू लागला. परप्रांतातला आंबा देवगडच्या पेटीत भरला की आपण ओरडतो, आणि २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्या ओरडण्याला कायद्याचा आधारही आहे. आयर्नच्या पेटीवर काय लिहावे याला मात्र तसा कुठलाच कायदा नाही.

लॉफ्ट म्हणजे क्लब जमिनीवर नीट टेकवून शाफ्ट (दांडा) पुढे-मागे न कलता धरला असता फेस उभ्या रेषेपासून मागे किती झुकलेला आहे तो कोन. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या संचांत सात नंबरचा लॉफ्ट ३८ अंशांच्या आसपास असे आणि पिचिंग वेजचा (जवळच्या फटक्यांसाठीच्या, संचातल्या सर्वांत झुकलेल्या क्लबचा) ५० ते ५२. नव्वदच्या दशकात ते ३५-३६ आणि ४८ वर आले. आज व्यावसायिक खेळाडू वापरतात त्या धर्तीच्या ब्लेडमध्ये (पातळ, भरीव डोक्याच्या आयर्नमध्ये) सात नंबर ३४ ते ३५ अंशांचा सापडतो. हौशी खेळाडूंना विकल्या जाणाऱ्या 'अंतराच्या' आयर्नमध्ये मात्र तो २८ ते ३० अंशांवर उतरला आहे आणि पिचिंग वेज ४१ ते ४४ वर. शाफ्टही जुन्यापेक्षा अर्धा इंच, कधी पाऊण इंच लांब असतो. म्हणजे दुकानात हाती दिला जाणारा नवा सात नंबर लॉफ्टने आणि जवळजवळ लांबीनेही जुन्या संचातला पाच नंबर आहे, काही बनावटींत तर चार. पाच नंबरने सात नंबरपेक्षा लांब जाते यात नवल ते काय?

ढोबळ हिशेब असा, की एक अंश लॉफ्ट कमी झाला की सर्वसाधारण हौशी खेळाडूची कॅरी, म्हणजे चेंडूचे हवेतले अंतर, दोन ते तीन यार्डांनी वाढते. ३५ चे २९ अंश केले की बारा ते अठरा यार्ड तिथेच आले. लेखातले 'पंधरा-वीस यार्ड' बहुतांशी इथले आहेत.

तरीही याला निव्वळ लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल, आणि लेखातून नेमकी हीच गोष्ट सुटली आहे. जुन्या ब्लेडचा लॉफ्ट नुसता सहा अंशांनी आवळला, म्हणजे कमी केला, तर चेंडू बुटका जाईल आणि ग्रीनवरून (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरून) धावत पलीकडे पडेल. नव्या आयर्नमध्ये तो इतका बुटका जात नाही, याचे कारण वजन कुठे ठेवले आहे त्यात आहे. चेंडूचा व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर, म्हणजे गवतावर बसलेल्या चेंडूचे केंद्र जमिनीपासून जेमतेम २१ मिलिमीटर वर. फेस मागे झुकलेला असल्यामुळे तो चेंडूला त्याहूनही खाली स्पर्श करतो. जुन्या ब्लेडचा गुरुत्वमध्य या स्पर्शबिंदूच्या वर राही, म्हणून चेंडूखाली नीट पोचलेल्या खेळाडूलाच तो उंच उडवता येई. गुरुत्वमध्य खाली आणि फेसपासून मागे नेला की तोच लॉफ्ट चेंडूला जास्त चढा कोन देतो. मग ही जादाची उंची कारखाना लॉफ्ट कमी करून परत घेतो आणि तिचे अंतरात रूपांतर करतो. सगळा व्यवहार एवढाच आहे.

वजन हलवण्याची ही विद्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता असलेल्या कार्स्टन सोल्हाइम यांनी रुजवली. १९५९ मध्ये त्यांनी पहिला पिंग पटर (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा क्लब) केला तेव्हा क्लबच्या डोक्याचे वजन मधून काढून दोन्ही टोकांना दिले. तेच तत्त्व नंतर आयर्नमध्ये आले आणि १९८२ च्या पिंग आय टू या संचाने ते घरोघरी नेले. फेसच्या मागे पोकळी ठेवायची, तिथले पोलाद कडेला आणि तळाला लावायचे. असे केले की चेंडू स्वीट स्पॉटपासून (फेसवरच्या नेमक्या ठोक्याच्या जागेपासून) बोटभर बाजूला लागला तरी डोके हातात पिळत नाही आणि अंतराचे नुकसान थोडक्यात भागते. आता त्यात टंगस्टनची भर पडली आहे. ते पोलादाच्या जवळजवळ अडीचपट जड असल्यामुळे सोलमध्ये लहानसा तुकडा बसवला तरी गुरुत्वमध्य खाली सरकतो. फेस पातळ केला की तो किंचित दबतो आणि चेंडूला वेगाने परत ढकलतो. पोकळ डोक्याच्या आयर्नमध्ये आत रबरासारखे पॉलिमर भरतात, ते या पातळ फेसला आधार द्यायला आणि ठोक्याचा पत्रा वाजल्यासारखा आवाज दाबायला.

(जाता जाता: घडवलेला, म्हणजे फोर्ज्ड आयर्न जास्त लांब मारतो किंवा जास्त स्पिन (उलटी फिरकी) देतो ही समजूत खोटी आहे. आकार, वजन आणि लॉफ्ट सारखे असतील तर ओतीव आणि घडीव यांच्या चेंडूत फरक पडत नाही. घडीव पोलाद मऊ असते, त्यामुळे ते वाकवायला सोपे जाते. खरा फायदा तो, आणि त्याविषयी पुढे येणारच आहे.)

आता लॉफ्ट कमी केल्याने चेंडूचे नेमके काय होते ते पाहू. डोक्याची ऊर्जा दोन वाटांनी जाते, एक चेंडू पुढे फेकण्यात आणि दुसरी त्याला उलटे फिरवण्यात. फेस जितका उभा, तितका पहिला वाटा मोठा. ट्रॅकमन या रडारयंत्राच्या मोजणीत अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेतल्या खेळाडूंची सात नंबरची सरासरी बरीच वर्षे अशी सांगितली जात होती: डोक्याचा वेग ताशी ९० मैल, चेंडूचा १२० मैल, स्पिन मिनिटाला सुमारे ७,००० फेरे, कॅरी १७२ यार्ड, आणि चेंडू जमिनीवर उतरतो तो ५० अंशांच्या कोनात. एलपीजीए टूरवरच्या महिलांचा डोक्याचा वेग ७६ मैल आणि कॅरी १४१ यार्ड. आपल्याकडच्या हौशी पुरुष खेळाडूने स्वतःची तुलना करायचीच तर या दुसऱ्या आकड्यांशी करावी. पहिल्यांशी केली तर ड्रायव्हिंग रेंजवर उगाच खांदे दुखवून घ्यायची वेळ येते.

या आकड्यांत अंतरापेक्षा मोलाचा आकडा शेवटचा आहे, उतरण्याचा कोन. चेंडू ४५ अंश किंवा त्याहून चढ्या कोनात उतरला तर ग्रीनवर थांबतो. ४० च्या खाली गेला आणि स्पिनही ५,००० च्या आत असला तर पुढच्या कडेवरून मागच्या बंकरपर्यंत (वाळूच्या खड्ड्यापर्यंत) धावतो. पातळ फेसचे २८ अंशांचे सात नंबर हळू स्विंग करणाऱ्याच्या हाती दिले की असेच होते. साठी ओलांडलेला खेळाडू, बारीक चणीची मुलगी, किंवा डोक्याचा वेग ७० मैलांच्या आतबाहेर असलेला कोणीही. यांना चेंडू हवेत टिकवायला वेगच पुरत नाही, म्हणून लॉफ्ट कमी केला की काही वेळा कॅरी वाढण्याऐवजी घटते. दुकानातल्या मोजणीच्या पडद्यावर 'एकूण अंतर' मात्र वाढलेले दिसते, कारण संगणक त्यात घरंगळणे धरतो. अशा खेळाडूला ३१-३२ अंशांचे, रुंद सोलचे, हलक्या ग्राफाइट शाफ्टचे सात नंबर जास्त मानवते.

उलट बाजूही आहे. क्लबवर छापलेला लॉफ्ट आणि चेंडूला लागणारा लॉफ्ट एकच नसतात. चेंडूला लागण्याच्या क्षणी हात पुढे असतील तर शाफ्ट पुढे झुकतो आणि ३४ अंशांचा फेस २४-२५ अंशांवर येतो. मुरलेले खेळाडू असेच मारतात. मनगटे आधीच सैल सोडून चेंडू उचलायला जाणारा माणूस त्याच क्लबला ३६-३७ अंशांचा करून टाकतो. त्याचा चेंडू उंच जातो, अंतर मिळत नाही, आणि वारा असला तर आणखी घटते. कमी लॉफ्टचे आयर्न त्याच्या या खोडीवर पांघरूण घालते. ती खोड चाळिशीनंतर जात नाही असा सार्वत्रिक अनुभव आहे, त्यामुळे पांघरूण वाईट म्हणवत नाही. मुद्दा इतकाच, की एकाच दुकानात एकच क्लब दोन मित्रांना दोन तऱ्हेचा चेंडू देतो, आणि मित्राला लाभला म्हणून आपण घेण्यात अर्थ नाही.

खरी अडचण संचाच्या दोन्ही टोकांना येते, आणि ती घरी आल्यावरच कळते. जुन्या संचात दोन क्लबांमध्ये सरसकट ४ अंशांचे अंतर असे. नव्या कमी लॉफ्टच्या संचात साधारण असे दिसते: पाच नंबर २१.५, सहा २५, सात २८.५, आठ ३३, नऊ ३८, पिचिंग वेज ४३. वर, म्हणजे लांब क्लबांत, साडेतीन अंश; खाली, म्हणजे आखूड क्लबांत, पाच. आता पिशवीत आधीपासून असलेले ५६ अंशांचे सँड वेज (वाळूतून मारायचा क्लब) तसेच ठेवले, तर पिचिंग वेज आणि त्याच्यात १३ अंशांची दरी पडते. सव्वाशे यार्ड मारणारे पिचिंग वेज आणि नव्वद यार्ड मारणारे सँड वेज यांच्यामध्ये पस्तीस यार्ड मोकळे. आणि हौशी खेळाडूचा ग्रीनकडचा फटका बहुतेक वेळा नेमका याच पट्ट्यात पडतो! मग अर्धा स्विंग, पाऊण स्विंग असे तडजोडीचे फटके सुरू होतात आणि तिथेच सहा-सात स्ट्रोक वाया जातात. पिचिंग वेज ४३ असेल तर ४८, ५३ आणि ५८ अशी तीन वेज घ्यावीत. दोनच घ्यायची असतील तर ४९ आणि ५५. संचाबरोबर येणारे त्याच बनावटीचे गॅप वेज (ही दरी भरणारा क्लब) ४८-४९ चेच असते, ते न घेण्यात बचत नाही.

वरच्या टोकाचे गणित आणखी सोपे. क्लब फिटिंग करणाऱ्यांत (खेळाडूच्या मापाने क्लब जुळवून देणाऱ्यांत) एक जुना ठोकताळा आहे: २४ अंशांहून कमी लॉफ्ट आणि ३८ इंचांहून जास्त लांबी असलेले आयर्न बहुतेक हौशी खेळाडूंना जमिनीवरून नीट मारता येत नाही. पूर्वी या रेषेपलीकडे दोन-तीन नंबर असत, म्हणून ते पिशवीतून गेले. आज पाच नंबर रेषेपलीकडे गेला आहे आणि सहा नंबर काठावर उभा आहे. सहा आणि पाच नंबरने दहा-दहा चेंडू मारून पाहा. दोघांच्या कॅरीत आठ यार्डांचाही फरक पडत नसेल तर पाच नंबर पिशवीत फक्त ओझे आहे. त्या जागी २२-२४ अंशांचे हायब्रिड (आयर्न आणि लांब पल्ल्याचा क्लब यांच्या मधल्या घडणीचा क्लब) घ्यावे. त्याचा गुरुत्वमध्य आणखी मागे असल्यामुळे त्याच लॉफ्टवर चेंडू उंच उडतो. चौदाच क्लबांची मर्यादा असल्याने वर वाचलेली जागा खाली जादा वेजला कामी येते.

हे सगळे कुठल्याही मैदानाला लागू. आपल्या किनाऱ्यावर आणखी तीन गोष्टी आडव्या येतात: जमीन, पाऊस आणि वारा.

जमिनीसाठी लॉफ्टच्या जोडीला बाउन्स पाहावा लागतो. सोलची मागची बाजू पुढच्या धारेपेक्षा किती खाली आहे तो कोन म्हणजे बाउन्स. एप्रिल-मे महिन्यांत जांभ्याच्या पातळ थरावरचे गवत वाळले की खालची जमीन दगडासारखी होते. १२-१४ अंश बाउन्सचे सँड वेज तिथे आपटून वर उसळते आणि धार चेंडूच्या पोटावर लागते; चेंडू फूटभर उंचीने सुसाट ग्रीन ओलांडतो. तेच वेज जुलैत चिखलट जमिनीवर हवेसे वाटते, पण भिजून घट्ट बसलेल्या बंकरात नाही. चिखलात रुंद सोल आणि मोठा बाउन्सच लागतो, नाहीतर धार रुतते आणि चेंडूआधी माती उडते. पण ओल्या, दाबून बसलेल्या वाळूत मोठा बाउन्स उसळतो, तिथे कमी बाउन्स बरा. म्हणून किनाऱ्यावर खेळणाऱ्याने ५४-५५ चे वेज १० ते १२ बाउन्सचे आणि ५८ चे ६ ते ८ बाउन्सचे ठेवावे, आणि ऋतू पाहून नव्हे, पायाखालची जमीन पाहून त्यातले एक निवडावे.

इथेच लॉफ्ट वाकवून घेण्याचा प्रश्न येतो. 'आठ नंबरची दरी मोठी आहे, दोन अंश आवळून द्या' अशी मागणी होते आणि ती रास्त असते. पण लॉफ्ट एक अंश आवळला की बाउन्सही एक अंश कमी होतो, आणि ऑफसेट (शाफ्टच्या रेषेपासून फेस मागे असण्याचे अंतर) किंचित वाढतो. ४ अंश बाउन्सचे आयर्न दोन अंश आवळले की सोल जवळजवळ सपाट झाला. पावसात ते नांगरासारखे चालेल. घडीव कार्बन पोलादाचे डोके दोन अंशांपर्यंत निर्धास्त वाकवता येते. १७-४ जातीच्या ओतीव स्टेनलेस पोलादाला एक अंश पुरे. ते स्प्रिंगसारखे परत येते, जोर वाढवला तर होझेलपाशी (शाफ्ट बसतो त्या नळीपाशी) तडकते. पोकळ डोक्याच्या आयर्नला बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेबाहेर हात लावू नये. आणि हे काम लॉफ्ट-लाय मशीनवरच (लाय म्हणजे शाफ्टचा जमिनीशी कोन) व्हावे. व्हाइसमध्ये धरून पाइप घालून वाकवलेल्या क्लबचा लॉफ्ट बदलतो खरा, पण लायही बदलतो, आणि मग चेंडू डावीकडे का जातो याचे कारण माणूस आपल्या स्विंगमध्ये शोधत बसतो. लॉफ्ट जितका जास्त, तितकी लायची चूक चेंडूला अधिक भरकटवते, म्हणून वेजच्या बाबतीत हे जास्त जपावे.

पावसाचे परिणाम दोन, आणि दोन्ही स्पिनवर. खाचा पाणी आणि गवताचा रस बाजूला सारण्यासाठी असतात. फेस ओला असला किंवा फेस आणि चेंडू यांच्यामध्ये गवत आले की पकड सुटते, स्पिन घटतो, आणि आयर्नचा चेंडू अपेक्षेपेक्षा दहा-पंधरा यार्ड पुढे जातो. याला 'फ्लायर' म्हणतात. कमी स्पिनच्या नव्या आयर्नमध्ये मुळातच राखीव स्पिन थोडा, त्यामुळे फ्लायर तिथे जास्त नडतो. पावसाळ्यात जमीन मऊ असते म्हणूनच तो चेंडू थांबतो. खाचांत तांबडी माती सुकून बसली तर ओल्या दिवसाचा परिणाम कोरड्या दिवशीही मिळतो. नायलॉनच्या ब्रशने, साध्या पाण्याने, दर दोन-तीन फटक्यांनंतर खाचा घासाव्यात. तारेचा ब्रश नको, जांभ्याच्या खड्याने क्रोमवर आधीच ओरखडे पडलेले असतात.

'दमट हवा जड असते, म्हणून किनाऱ्यावर चेंडू जात नाही' हे वाक्य खारघरपासून पुण्यापर्यंत ऐकू येते. ते चुकीचे आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, म्हणजे दमट हवा किंचित पातळ. फरक एखाद्या यार्डाचा, आणि तोही चेंडूच्या बाजूने. पुण्यात चेंडू जास्त जातो हे मात्र खरे, पण ते उंचीमुळे. दर हजार फुटांना साधारण सव्वा टक्का या हिशेबाने पुण्याच्या ५६० मीटर उंचीवर दोन टक्के मिळतात. दीडशे यार्डांना तीन यार्ड. महाबळेश्वरच्या उंचीवर हेच पाच टक्के होतील. पुण्यात मोजून आणलेली अंतरे चेंबूरला वापरताना एवढे वजा करावे आणि दमटपणाला दोष देणे थांबवावे.

वाऱ्याचे गणित याहून मोठे आहे. सकाळी मतलई वारा पडत आलेला असतो, आणि अकरा-बारानंतर खारे वारे समुद्राकडून जोर धरतात. ताशी दहा मैलांचा समोरचा वारा आयर्नच्या अंतरातले जवळपास दहा टक्के खातो. तोच मागून आला तर पाच टक्केच देतो. समोरच्या वाऱ्यात जास्त स्पिनचा चेंडू फुगतो, वर चढत राहतो आणि सरळ खाली पडतो. तिथे नव्या कमी स्पिनच्या आयर्नचा फायदा आहे, तो मान्य केला पाहिजे. ३५ अंशांचे जुने आयर्न असणाऱ्याने समोरच्या वाऱ्यात जोर वाढवू नये, कारण जोराबरोबर स्पिनही वाढतो. एक-दोन नंबर लांबचा क्लब (सातऐवजी सहा किंवा पाच) घ्यावा, ग्रिप इंचभर खाली धरावी आणि तीन-चतुर्थांश स्विंग करावा. मागून वारा असताना मात्र बाजू उलटते. वारा चेंडूची उतरण आणखी सपाट करतो, आणि २८ अंशांचे सात नंबर, मागून खारा वारा, खाली मे महिन्यातली जमीन असे तिन्ही जुळून आले तर ग्रीनवर चेंडू थांबवण्याचा नाद सोडलेला बरा. ग्रीनच्या दहा-पंधरा यार्ड अलीकडे टाकून चेंडू धावू द्यावा.

शेवटी दुकानातली गोष्ट, कारण फसगत तिथे होते. पडद्यासमोर आपले जुने सात नंबर आणि त्यांचे नवे सात नंबर अशी लढत लावतात. ती लावू देऊ नये. आधी नव्याचा लॉफ्ट विचारावा. विक्रेत्याला पाठ नसला तरी बनवणाऱ्याच्या तक्त्यात तो असतोच. मग त्याच लॉफ्टचा आपला जुना क्लब, बहुधा पाच नंबर, शेजारी ठेवून दोन्हींनी दहा-दहा चेंडू मारावेत. प्रत्येकातले सर्वांत वाईट दोन सोडून द्यावेत. कॅरी पाहावी, एकूण अंतर नाही. उतरण्याचा कोन ४५ च्या वर आहे का पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, सर्वांत लांबचा आणि सर्वांत जवळचा चेंडू यांत किती यार्डांचा फरक आहे ते मोजावे. पातळ फेसच्या आयर्नमध्ये मध्येच एखादा चेंडू बारा यार्ड जास्त जातो. दुकानात त्याचे कौतुक होते, मैदानावर तो ग्रीनमागच्या झाडीत सापडतो. चटईवर चेंडूमागे दोन इंच आपटले तरी क्लब घसरत पुढे जातो आणि फटका चांगला दिसतो, हेही लक्षात असू द्यावे. जमल्यास गवतावर मारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

या तुलनेत नवे आयर्न जिंकलेच, म्हणजे सारख्या लॉफ्टवर चेंडू उंच गेला आणि फटके एकमेकांजवळ पडले, तर तो संच खरोखर चांगला. बऱ्याच लोकांच्या हाती तो जिंकतोही.

जुन्या संचाचा लॉफ्ट माहीत नसेल तर घरी अंशभराच्या फरकाने मोजता येतो. सपाट फरशीवर क्लब असा टेकवावा की फेसवरच्या खाचा फरशीला समांतर राहतील. टोकाच्या बाजूने पाहिले असता शाफ्ट पुढे किंवा मागे झुकता कामा नये. शेजारी दोरीला नट बांधून ओळंबा सोडला की कळते, आणि क्लब हलू नये म्हणून ग्रिप खुर्चीच्या पाठीला रबराने बांधावी. फेसवर खाचांना काटकोनात सहा इंची पोलादी पट्टी धरावी, पट्टीला फोनची सरळ कड लावावी (पाठ लावू नये, कॅमेऱ्याचा उंचवटा मध्ये येतो) आणि फोनवरच्या लेव्हलमध्ये उभ्या रेषेपासूनचा कोन वाचावा. त्याआधी फोन ओळंब्यातल्या भिंतीला लावून शून्य दाखवतो का ते तपासावे. तीनदा मोजून मधला आकडा घ्यावा. संचातले सगळे क्लब असेच मोजून प्रत्येकाच्या ग्रिपखाली पांढऱ्या टेपवर अंश लिहून ठेवावेत. टेप प्लास्टिकची घ्यावी; कागदाची आपल्या खाऱ्या हवेत पंधरवडाही टिकत नाही.

आपला,
क्लब फिटिंग व दुरुस्तीचे काम करणारा एक वाचक
अलिबाग, जि. रायगड